कवाडावर बजावलेलं समन्स

कायद्याच्या बाबतीत माझा हात धरील असा माणूस आमच्या पंचक्रोशीत नव्हता, हे आधीच सांगून टाकतो! चामोर्शीच्या बाजाराला येणाऱ्या एकाही खेड्यात वकील नव्हता. पण आमच्या गावात मी होतो!

माझा अधिकारही साधासुधा नव्हे. चांद्याच्या सेशन कोर्टात मी एकदा असेसर म्हणून बसलो होतो. त्या काळी मोठ्या खटल्यात जज्जसाहेबांच्या शेजारी गावोगावचे प्रतिष्ठित लोक बसवायचे आणि शेवटी त्यांचं मत विचारायचे. माझंही विचारलं. मी ठणकावून म्हटलं, "आरोपी निर्दोष आहे!" जज्जसाहेबांनी आदरानं मान डोलावली आणि आरोपीला सात वर्षांची सजा ठोठावली. ते जाऊ द्या. विचारलं तर होतं ना!

तेव्हापासून गाव माझ्या ओसरीवर येऊन कायदा विचारायचं.

"गुनवंतभाऊ, कोर्टात शपथ घेताना खोकला आला तं शपथ मोडते का जी?"

"मोडत नाही. पण खोकला आटोपल्यावर पहिल्यापासून घ्यावी लागते."

"साक्षीदाराले कोर्टात जेवाले देतेत का?"

"भाकर घरून न्यायची. पण चटणी न्यायची नाही, ठसका लागला तर कोर्टाचा अवमान होतो!"

हे कोणत्या कलमात आहे असं कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तेही मी सांगितलं असतं. आमच्या सौभाग्यवती, कलाबाई, आतून एवढंच म्हणायच्या, "सांगा बापा, सांगा! एक दिवस सारं गाव आत टाकसान!"

अशा वेळी एका चैत्रातल्या सकाळी मुखरू धापा टाकत माझ्या अंगणात आला. मुखरू म्हणजे शेजारचा धानाचा शेतकरी. माणूस इतका भिडस्त, की स्वतःच्या बैलालासुद्धा 'सरक जी' म्हणतो.

"भाऊ, मेलो! कोर्टाचा चपराशी आला! माह्या नावाचा कागद आहे म्हनते!"

"कसला कागद?"

"मार्कंड्याच्या जत्रेत बैलाचा सौदा झाला होता न, त्याचा झगडा कोर्टात गेला. मी तिथीच चिचेखाली बसलो होतो. आता साक्ष दे म्हनते. आन परवा तं वच्छलाले पाहाले पाव्हने येऊन राह्यले!"

आता प्रकरणाचं गांभीर्य माझ्या ध्यानात आलं. वच्छला ही मुखरूची लेक. त्याच जत्रेत, त्याच चिंचेखाली, कुरखेड्याकडच्या सोमाजींशी तिच्या सोयरिकीची बोलणी सुरू झाली होती. मुलगा शाळेत मास्तर, बिडीला शिवत नाही. वच्छलानं त्याला जत्रेत लांबून पाहिलं होतं आणि तेव्हापासून ती सडा टाकतानासुद्धा हसत होती. आणि आमच्याकडे कोर्टाचा कागद म्हणजे काय? साक्षीचा असो की फाशीचा, लोकांच्या लेखी घर बाटलं! पाहुण्यांच्या कानावर गेलं असतं तर सोयरीक मोडलीच समजा.

"घाबरू नकोस," मी म्हणालो. "कागद हातात घेऊच नकोस! हातात घेतला नाही, तर तो कागद तुझा नाही. साधा कायदा आहे."

"चपराशी सोडन का?"

"त्याच्या बापाला सोडावा लागेल!"

मुखरूनं दोन्ही हात पाठीमागे धरले आणि तसाच घरी गेला. पुढचा सगळा प्रकार मी कुंपणावरून डोळ्यांनी पाहिला. चपराशानं कागद पुढे केला. मुखरू हात पाठीमागे धरून उभा. चपराशानं उजवीकडून दिला, हा डावीकडे वळला. डावीकडून दिला, हा उजवीकडे वळला. बराच वेळ दोघं अंगणात फेर धरल्यासारखे फिरत होते! शेवटी चपराशी घामानं निथळून ओसरीवर बसला.

आता दारात आलेल्या माणसाला उपाशी कसं पाठवायचं? मुखरूच्या बायकोनं, मनकर्णानं, त्याला भात वाढला, मोहाची भाजी वाढली, वर घट्ट पेज दिली. तो पोटभर जेवला, हात धुतला आणि म्हणाला, "बाई, उरलेली पेज द्या जरा."

तिला वाटलं, वाटेत प्यायला हवी असेल. तिनं वाटीभर दिली. त्यानं ती पेज बोटांनी कवाडावर फासली, समन्स त्यावर चिकटवलं, तळहातानं नीट दाबलं, दोन साक्षीदारांचे अंगठे घेतले आणि रामराम करून निघून गेला!

"भाऊ, आता?" मुखरू रडकुंडीला आला.

"आता काय? आता तर तू सुटलास! समन्स तुझ्यावर नाही, कवाडावर बजावलं. साक्षीला कवाडानं जायचं!"

"पन काका," वच्छला म्हणाली, "पाव्हन्याईले तं पहिल्यानं कवाडच दिसन न!"

पोरगी चौथी शिकलेली, तिच्याशी वाद घालायला वेळ लागतो. मी कवाडाजवळ गेलो. कागद असा बसला होता, की जणू लाकडालाच फुटला होता.

"खरडून काढू का जी?" मनकर्णानं विळा आणला.

"खबरदार! सरकारी कागद फाडणं गुन्हा! खरडणं गुन्हा! त्याच्यावर तोरण लावून झाकणं हाही गुन्हाच!" मी ओरडलो. मग मी डोळे मिटले. असेसर असताना जज्जसाहेब असेच मिटायचे. आणि मला सुचलं! "पण कवाड कोणाचं? मुखरूचं! ते काढणं हा गुन्हा नाही!"

झालं! आम्ही दोघांनी कवाड चौकटीतल्या खाचेतून उचललं. माझा अंगठा त्यात चेंगरला, पण कायद्यासाठी माणसानं सोसलं पाहिजे. कवाड नेऊन माझ्या गोठ्यात भिंतीला टेकवलं. मुखरूच्या चौकटीत कलाबाईंचं हिरवं लुगडं टांगलं. कलाबाईंची परवानगी घ्यायची राहिली.

परवा उजाडला. सोमाजी आणि त्यांच्या सौभाग्यवती शकुबाई दमणीतून, म्हणजे बैलांच्या हलक्या गाडीतून, उतरले. शकुबाईंनी आधी लुगडं पाहिलं, मग चौकट पाहिली.

"कवाड कुठी आहे जी?"

मी पुढे झालो. "आमच्या गावात चोरीच होत नाही! कवाडाची गरजच काय?"

त्याच क्षणाला मुखरू म्हणाला, "वाळवी लागली."

आणि मनकर्णा आतून म्हणाली, "सुताराकडे दिलं, रंगाले!"

कोर्टात असते तर तिघांनाही आत टाकलं असतं! शकुबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. सोमाजींनी सुपारी तोंडात टाकली आणि विषय धानावर नेला. मला हायसं वाटलं. वच्छलानं पाण्याचे गडवे आणले. शकुबाईंनी तिला जवळ बसवलं, तांदूळ निवडायला दिले, शिकलेली आहेस का विचारलं. पोरगी लाजत उत्तरं देत होती आणि मुखरूच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग येत होता. सगळं रांगेला लागत होतं!

"बैलाले पानी दाखवतो," सोमाजी एकदम उठले.

मुखरूच्या गोठ्याचं छप्पर उडालेलं, म्हणून पाहुण्यांचे बैल माझ्या गोठ्यात बांधले होते. माझ्या! जिथं कवाड होतं!

"तुम्ही बसा हो! मी पाजतो!" मी उठलो.

"नाई जी. आपले बैल मी दुसऱ्याच्या हातानं पानी पीऊ देत नाई."

"पण मी असेसर आहे!" मी म्हणालो. याचा बैलाच्या पाण्याशी काय संबंध हे मलाही कळलं नाही. सोमाजी चालू लागले. मी त्यांच्या मागे, माझ्या मागे मुखरू, त्याच्या मागे शकुबाई आणि मनकर्णा, आणि शेवटी बादली घेऊन वच्छला.

गोठ्यात जे दिसलं ते देव करो आणि कोणाला न दिसो! आमची बकरी मागच्या पायांवर उभी होती, पुढचे दोन्ही पाय कवाडावर टेकलेले, आणि ती मन लावून समन्स खात होती. पेजेला मीठ होतं हो! अर्धा कागद तिच्या पोटात गेला होता. उरलेल्या अर्ध्यावर कोर्टाचा गोल शिक्का मात्र ठळक दिसत होता.

अशा वेळी जाणत्या माणसानं पुढे व्हावं लागतं. मी घसा साफ केला.

"पाहुणे, गैरसमज करून घेऊ नका! मुखरूवर चोरीचा आळ नाही! दरोड्याचाही नाही! बाईमाणसाचं काही प्रकरण नाही! आणि खून तर नाहीच नाही! खुनाचा कागद वेगळा असतो, तो मी स्वतः पाहिला आहे!"

"खून?" शकुबाई मटकन दावणीजवळ बसल्या.

मुखरूनं माझ्याकडे असं पाहिलं, की इतक्या वर्षांच्या शेजारात कधी पाहिलं नव्हतं. मग डोक्याचं पागोटं काढून त्यानं हातात घेतलं.

"सोमाजीभाऊ, कोर्टाचा कागद आहे. खरं आहे. मोडाची असन तं मोडा सोयरीक. पन पोरीचा काई दोष नाई जी."

वच्छलानं बादली खाली ठेवली. ती रडली नाही, नुसती बादलीतल्या पाण्याकडे बघत राहिली. माझा कायदा, माझं डोकं, माझी बकरी! आणि घर मोडत होतं मुखरूचं.

सोमाजी पागोट्याचा शेमला ओढत जमिनीकडे पाहत उभे. शकुबाई मात्र उठल्या, कवाडाजवळ गेल्या आणि त्या शिक्क्याकडे निरखून पाहत म्हणाल्या,

"अवो! हा तं आपल्या घरच्या कागदावर आहे तोच शिक्का व्हय!"

"चूप!" सोमाजी पुटपुटले.

"काऊन चूप? कनगीत लपवला न तुमी तो!"

सोमाजींचा चेहरा पडला. मग ते हसू लागले, आधी ओशाळं, मग खदाखदा.

"मले बी आलं जी समन्स! त्याच बैलाच्या सौद्याचं! आपुन दोघंई चिचेखाली संगंच तं बसलो होतो! मले वाटलं, तुमाले मालूम झालं तं असल्या घरी पोरगी काऊन देसान? म्हून तारखेच्या आंधीच पाव्हना बनून आलो!"

मुखरू हसला. मनकर्णा पदर तोंडाला लावून हसली. वच्छला बादली उचलून बैलांपुढे घेऊन गेली आणि शकुबाई म्हणाल्या, "इहीनबाई, पोरीले लावाले कुंकू आना. कवाड नसलं तं नसो!"

इतका साधा उलगडा मला आधी कसा सुचला नाही, असं तुम्ही विचाराल. सुचणारच होतं, पण अंगठा ठणकत होता.

"काका, कवाड आता घरी नेऊ का?" वच्छलानं विचारलं.

"मुळीच नाही! सरकारी कागद बकरीनं खाल्ला आहे. उद्या कोर्ट म्हणेल मुखरूनं फाडला! कवाड पुराव्याला हजर करायचं!"

तारखेला आम्ही गडचिरोलीला निघालो. पुढे सोमाजींची दमणी, त्यात दोन व्याही गप्पा मारत. मागे माझं खासर, म्हणजे ओझ्याची बैलगाडी, त्यात मी, हाकणारा गडी, कवाड आणि बकरी. बकरीलाही न्यावंच लागलं, मुद्देमाल तिच्या पोटात होता! वाटेत प्रत्येक गावात लोक विचारत, "भाऊ, घर बदलून राह्यले का?"

कोर्टाच्या बाबूनं आधी बकरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे काय आहे?"

"समन्स," मी म्हणालो.

"कागद आणायची गरज नव्हती. नाव आमच्याकडे लिहिलेलं आहे. आणि तसंही आज काही नाही. सकाळीच दोन्ही पक्षांनी चहा पीत आपसात मिटवलं. बैल परत, पैसे परत. जा घरी!"

साक्ष नाही, शपथ नाही, खोकलासुद्धा नाही! दोन्ही व्याह्यांनी एकमेकांना मिठी मारली. सोमाजी म्हणाले, "आता इथूनच कुरखेड्याकडे चला, पोराच्या घरी साखर खाऊ!" मलाही ओढलं. आनंदाच्या भरात आम्ही सगळे दमणीत चढलो, माझं खासर गड्याबरोबर घरी पाठवलं. बकरी खासरात बसली. कवाड मात्र कोर्टाच्या भिंतीला टेकलेलं तिथंच राहिलं.

लग्न झालं. वच्छला सासरी गेली ती त्या उघड्या चौकटीतूनच. लुगडं तोरणासारखं वर गुंडाळलं होतं. कवाड उद्या आणू, परवा आणू म्हणता म्हणता पाऊसकाळ जवळ आला. मुखरू भिडस्त, तो मला कवाड मागेना आणि मी काही विषय काढेना.

एक दिवस ओसरीवर बसून मी कोणाला तरी कायदा सांगत होतो. इतक्यात तोच चपराशी अंगणात आला. हातात कागद.

"गुणवंतराव कोन?"

"काय आहे?"

"कोर्टाच्या आवारात बेवारस कवाड टाकून रस्ता अडवल्याबद्दल. तारखेला हजर व्हा आन कवाड घेऊन जा."

ओसरीवरची मंडळी माझ्याकडे बघू लागली. हात पाठीमागे धरावे असं एकदा मनात आलं. तेवढ्यात कलाबाई आतून आल्या. त्यांच्या हातात पेजेची वाटी होती! माझ्याकडे बोट दाखवत चपराशाला हसून म्हणाल्या,

"घ्या भाऊ. माह्या लुगड्याचं काय झालं थे तं यायले कोनी इचारत नाई. आता आमच्या कवाडाले लावा!"

मी उठलो, बकरी आत बांधली आणि कागद दोन्ही हातांनी घेतला.