अर्ध्या ओठाची भूल

देखण्या नटाची दाढ नेमकी शूटिंगच्या शेवटच्या दिवशी ठणकायला लागली, आणि तीही दातांच्या डॉक्टरच्याच घरात, म्हणून आधी सगळ्यांना हायसंच वाटलं.

घर डॉक्टरचं आणि मावशीचं. खाली दवाखाना, वर बिऱ्हाड. मावशी म्हणजे कुणाच्या आईची बहीण नव्हे. मावशी हा चांगला उंचापुरा, खर्जातल्या आवाजाचा नट होता. टीव्हीवरच्या एका मालिकेत त्यानं वर्षानुवर्षं साडी नेसून एक भांडकुदळ मावशी रंगवली आणि ते नाव त्याला असं चिकटलं की भाजीवालाही "काय मावशी, कोवळी भेंडी देऊ का?" म्हणून हाक मारायचा. त्याचं त्याला वाईट वाटत नसे. नाव कमावलेलं होतं, कुणी ओवाळून टाकलेलं नव्हतं. एकदा एका मुलाखतीत कुणीतरी खवचटपणे विचारलं होतं, "तुम्हाला पुरुष आवडतात, म्हणून बाईचं काम इतकं झकास जमतं का?" मावशी म्हणाला, "मालिकेतला खलनायक खूनही झकास करतो. त्याच्या घरी कधी डोकावलात का?"

एवढंच की प्रेमाचं काम त्याला कुणी देत नव्हतं. "तू 'जीव जडलाय' म्हणालास की लोक खुर्चीतून खाली पडतील," असं प्रत्येक निर्माता प्रेमानं सांगे. शेवटी मावशीनं साडीची घडी घातली, मालिका सोडली आणि स्वतःच फिल्म काढायला घेतली. दोन पुरुष, एक घर, आणि ते घर कसं झालं त्याची गोष्ट. लिहिणारा तो, दिग्दर्शक तो, दोघांपैकी एक तो. दुसऱ्याचं, म्हणजे डॉक्टरचं, काम करायला एक देखणा नट आणला. तो इतका देखणा होता की त्याचं नाव विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

डॉक्टरनं एकच अट घातली होती. "माझा चेहरा कुठे दिसता कामा नये. भिंतीवरच्या फोटोतसुद्धा."

डॉक्टर जात्याच लाजाळू. पेशंटनं विचारलं, "ते टीव्हीवरचे मावशी इथेच राहतात ना हो?" तर म्हणे, "हो, वर राहतात." "आणि तुम्ही?" "मीही वरच." यात खोटं काही नव्हतं. फक्त दोन वाक्यांच्या मध्ये एक जिना होता, तो डॉक्टर कुणाला चढू देत नसे.

डॉक्टरची आई त्यांच्याजवळच राही. तिनं नात्याचा गुंता पहिल्याच आठवड्यात सोडवला होता. "मला लेक नाही. तरी जावई घरी चालत आला, तर मी दार का लावू?" तेव्हापासून मावशी तिचा जावई झाला, आणि जावयाला ती अहोजाहो करी, रागावली की जरा जास्तच.

तर आता एकच प्रसंग उरला होता, पण सगळ्या फिल्मचा जीव त्याच्यात होता. डॉक्टर मावशीला इथेच राहा म्हणतो, तो. ओट्यापाशी, उतरत्या उन्हात. दुपार कलली की स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऊन आत येई, भांड्यांवरून हात फिरवत फिरवत ओट्याच्या टोकाला जाई आणि तिथे घटकाभर टेकून निघून जाई. ती घटका मावशीला हवी होती. उद्यावर टाकायची सोय नव्हती. कॅमेरावाली सकाळी दुसऱ्या कामावर निघणार होती, कॅमेऱ्यासकट. आणि देखणा पुढच्या फिल्मसाठी डोक्याचा गोटा करून घेणार होता.

डॉक्टरनं दाढ भरली, मन लावून भरली. देखणा जिना चढून वर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्याचा डावा अर्धा भाग तसाच देखणा होता. उजवीकडचा ओठ मात्र उन्हात ठेवलेल्या मेणबत्तीसारखा कलला होता.

"दुखतंय का?" मावशीनं विचारलं.

"अजिहात नाही," देखणा म्हणाला.

मावशीनं डॉक्टरकडे पाहिलं. डॉक्टर हातमोजे काढत म्हणाला, "भूल दिल्याशिवाय कसं करणार? ओरडला असता."

"उतरेल कधी?"

"संध्याकाळपर्यंत उतरेल."

"तुमची भूल संध्याकाळी उतरणार," कॅमेरावाली खिडकीकडे बघत म्हणाली, "आणि माझं ऊन त्याच्या आधी उतरणार."

मावशी असल्या गोष्टींनी डगमगणारा नव्हता. रंगमंचावर एकदा मागचा पडदा अंगावर कोसळला होता, तेव्हा त्यानं पडद्याच्या आतून उरलेला प्रवेश पुरा केला होता. तो देखण्याला म्हणाला, "वाक्य म्हणून बघ. हळू म्हण."

वाक्य मावशीनं स्वतः लिहिलं होतं आणि त्याचा त्याला फार अभिमान होता. 'तुझ्या पावलांनी या भिंतींना पहिल्यांदा पहाट फुटली.'

देखण्यानं डोळे मिटले, श्वास घेतला आणि म्हणाला, "तुझ्या हावलांनी या हिंतींना हहिल्यांदा हहाट हुटली."

कॅमेरा हलला, कारण कॅमेरावाली हसत होती. आईनं पदर तोंडाला लावला.

"वाक्य बदल की," कॅमेरावाली म्हणाली. "प, फ, भ नसलेलं एखादं लिही."

"बदलणार नाही. चार महिने घासलंय मी ते."

"म्हणूनच झिजल्यासारखं वाटतंय," आई म्हणाली. "आणि काय हो जावईबापू, हा असं म्हणाला होता? हा? याच्या तोंडून पहाट फुटली असती तर मला आधी कळलं असतं."

"आई, ही फिल्म आहे."

"ते दिसतंयच. घरात इतकं सुंदर कोण बोलतं?"

डॉक्टर कोपऱ्यात उभा राहून पाणी पीत होता. मावशीची नजर त्याच्यावर गेली. मग सगळ्यांचीच गेली.

"अट," डॉक्टर म्हणाला.

"चेहरा नाही. फक्त आवाज," मावशी म्हणाला. "देखण्याची चांगली बाजू कॅमेऱ्याकडे ठेवू. तो नुसते ओठ हलवेल, म्हणजे जेवढे हलतील तेवढे. तू फ्रिजच्या मागे उभा राहून वाक्य म्हण. तुझंच काम आहे, तुलाच नाही जमणार?"

"मी दिसणार नाही ना?"

"फ्रिजच्या मागचा माणूस आजवर कुणाला दिसलाय?"

फ्रिज भिंतीपासून ओढला. मागे इतकी धूळ निघाली की आईला चारचौघांत मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टर आत शिरला. अंधार म्हणून कपाळावर दवाखान्यातला दिवा लावला, हातात वाक्याचा कागद घेतला. तालमीत त्यानं ते वाक्य म्हटलं ते असं, की आता पुढे 'चूळ भरा' येणार असं सगळ्यांना वाटलं.

"डॉक्टर, जरा प्रेमानं," कॅमेरावाली म्हणाली.

"मी प्रेमानंच म्हणतोय," फ्रिज म्हणाला.

ऊन ओट्यावर आलं. आता तालमीला वेळ नव्हता. मावशी देखण्यासमोर उभा राहिला, कॅमेरा सुरू झाला. देखण्यानं आपली डावी बाजू उजेडाला दिली आणि जे चालत होतं त्या अर्ध्या ओठानं बोलायला सुरुवात केली. पण आवाज आला नाही.

झालं होतं असं, की मागची जाळी तापलेली, जागा वीतभर, डॉक्टरच्या हाताला घाम सुटला आणि कागद निसटून फ्रिजखाली गेला. वाकायला जागा नव्हती. वाक्य पाठ नव्हतं. फ्रिज घरघरत होता, देखणा मुक्यानं ओठ हलवत होता आणि ऊन काही कुणासाठी थांबत नव्हतं. डॉक्टरला काहीतरी म्हणणं भाग होतं. मग तो तेच म्हणाला, जे त्या दिवशी खरोखर म्हणाला होता.

"ब्रश इथेच ठेव. रोज पिशवीतून ने-आण केली की जंतू लागतात."

मावशीनं हे वाक्य फिल्ममध्ये घेतलं नव्हतं. असल्या वाक्यावर का कुठे प्रेम उभं राहतं, असं त्याला वाटलं होतं. पण आता फ्रिजमागून तोच आवाज आला, तसाच घाबरत, तसाच औषधाच्या चिठ्ठीसारखा. अंगावर पडदा कोसळला तरी न चुकणारा मावशी आपलं वाक्य विसरला. त्याच्या तोंडून निघून गेलं, "माझ्याकडे ब्रश होता कुठे? मी तुझाच वापरत होतो."

फ्रिज हादरला. मागून डॉक्टर बाहेर आला. केसांत जळमटं, कपाळावर दिवा, पायांत नुसते मोजे.

"माझा?"

"हो."

"किती दिवस?"

"तू नवा आणून देईपर्यंत."

"अरे, तो मी दिवाणखान्याचा रंग बदलला तेव्हा आणला. म्हणजे सबंध हिवाळा? माझ्या हिरड्या सुजल्या होत्या तेव्हा. मी स्वतःवर तीन औषधं करून पाहिली."

"माझ्याही सुजल्या होत्या. मी काही बोललो का?"

"दातांच्या डॉक्टरला हे तू आज सांगतोयस?"

"तेव्हा सांगितलं असतं तर राहू दिलं असतंस?"

 खोटं डॉक्टरला येत नसे, आणि आता आड धरायला जिनाही नव्हता.

"नसतं राहू दिलं," तो म्हणाला. "आधी खाली जाऊन नवा ब्रश आणला असता. मग राहू दिलं असतं."

मावशी त्याच्याकडे बघत राहिला. दोघांच्या मधोमध देखणा उभा होता आणि इमानेइतबारे दोघांच्याही वाक्यांवर अर्धा ओठ हलवत होता. ऊन ओट्याच्या टोकाला टेकलं, घटकाभर बसलं आणि उठून गेलं.

"झालं," कॅमेरावाली म्हणाली.

"तू चालूच ठेवलं होतंस?"

"कट कुणी म्हणालंच नाही. कट म्हणणारा भांडत होता."

ऊन गेलं, कॅमेरावाली गेली, देखण्याची भूलही उतरली आणि केस उतरले. फिल्मला शेवट मात्र एवढाच राहिला. मावशीनं तो कापायला घेतला. डॉक्टर बाहेर येण्याआधी तोडावं, तर नुसती ब्रशची चौकशी उरे आणि फिल्म दंतमंजनाच्या जाहिरातीसारखी संपे. डॉक्टरसकट ठेवावं, तर अट मोडे. आणि मावशी शब्दाचा पक्का होता. त्यानं डॉक्टरला बोलावून समोर बसवलं.

"तुझी अट आहे. तू म्हणालास तर काढतो. शेवट मी दुसरा शोधेन, मला शोधता येतो."

डॉक्टरनं तो तुकडा पाहिला. "माझे केस इतके पांढरे झालेत?"

"ती जळमटं आहेत."

डॉक्टरनं पुन्हा पाहिलं. ते ऊन, तो ओटा, आणि भांडता भांडता मावशी ज्या नजरेनं समोर बघत होता ती नजर. तिसऱ्यांदा पाहून झाल्यावर त्यानं हळूच विचारलं, "तू माझ्याकडे असा बघतोस?"

"बघतोच की. कधीचा."

"मला कसं दिसलं नाही?"

"तू सगळ्यांच्या तोंडात बघत असतोस. जरा वर बघितलंस तर दिसेल."

 डॉक्टर उठला, खाली दवाखान्यात निघाला आणि जिन्यावरून म्हणाला, "राहू दे."

फिल्म लागली ती एका छोट्या सभागृहात, पण भरलेल्या. लोक हसले. मावशीला हवं तिथे हसले, नको तिथेही हसले.  दिवे लागले, मावशी माइक घेऊन मंचावर आला, आणि पहिल्या रांगेतल्या एका दाढीवाल्या समीक्षकानं हात वर केला.

"अखेरच्या दृश्यात शीतकपाटामागून जो अनोळखी पुरुष प्रकटतो, तो मला समाजाच्या गोठलेल्या जाणिवेचं प्रतीक वाटला. कपाळावरचा दिवा म्हणजे विवेक. आणि ब्रश म्हणजे, माझ्या मते, शुद्धीची आकांक्षा. आपण काय सांगाल?"

मावशीच्या जिभेवर पाच उत्तरं तयार होती, पाचही हशा घेणारी. पण चेहरा दाखवण्याची परवानगी मिळाली होती, नातं सांगण्याची मिळाली नव्हती. आयुष्यात पहिल्यांदाच माइक हातात असून तो अडखळला.

"तो... म्हणजे ते... वर राहतात," तो म्हणाला.

तिसऱ्या रांगेत खुर्ची करकरली. डॉक्टर उभा राहिला होता. कान लाल, आवाज मात्र दवाखान्यातला, स्वच्छ.

"मी यांचा नवरा," डॉक्टर म्हणाला. "ब्रश माझा होता."

सभागृह असं हसलं की दाढीवाल्याचं पेन खाली पडलं. मावशीनं माइक खाली घेतला. दुसऱ्याच्या हशावर बोलायचं नसतं, एवढा धंद्याचा धर्म त्याला ठाऊक होता. हशा ओसरला, त्याच्या जागी टाळ्या आल्या, त्याही ओसरल्या, तेव्हा तो म्हणाला, "पुढचा प्रश्न."

हात पुष्कळ वर झाले, पण त्यांतला एकही मंचाच्या दिशेनं नव्हता. सगळ्या माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या होत्या. मागून एका बाईंनी विचारलं, "डॉक्टर, ब्रश किती दिवसांनी बदलावा?"

"तीन महिन्यांनी," डॉक्टर म्हणाला. मग त्यानं मंचाकडे, जरा वर, पाहिलं. "माणूस तोच ठेवला तरी चालतो."

शेजारी बसलेल्या आईनं त्याचा सदरा धरून खाली ओढला.

"बस आता. जावयांना बोलू दे, फिल्म त्यांची आहे."