अण्णांचा कॅमेरा आणि समोरचं दार

आमच्या गल्लीतले अंबादासअण्णा यंत्र डोळ्यांनी बघत नाहीत, कानांनी बघतात. दारावरचा वायरलेस कॅमेरा बंद पडला की ते स्टुलावर चढतात, चष्मा काढून खिशात ठेवतात आणि कॅमेऱ्याला उजवा कान लावून डोळे मिटून उभे राहतात. त्यातून कसलाही आवाज येत नाही, हे माझं त्यांना चारदा सांगून झालंय. "येत न्हाय म्हणूनच ऐकतोय की," असं त्यांचं उत्तर.

अण्णांनी चाळीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात मागांची दुरुस्ती केली. सगळे माग एकदम खडखडत असताना त्यातला कुठला आजारी आहे, हे ते दारातून आत येता येताच सांगायचे, असं सोलापूरच्या भवानी पेठेतली जुनी माणसं अजून सांगतात. आता तो कारखाना नाही. बायको गेली, मुलगी लग्न होऊन हैदराबादला. घरात अण्णा एकटे, आणि ऐकायला एक कॅमेरा.

मी भूगोलाची शिक्षिका. मध्ये काही महिने ऑनलाइन तास घेतले, तेवढ्यावर गल्लीने मला परस्पर इंजिनिअर करून टाकलं. कुणाचा प्रिंटर अडला, कुणाचा मोबाइल रुसला की "टीचर, या की जरा" अशी हाक येते. मला नाही म्हणता येत नाही. घरी परत आल्यावर चिडचिड मात्र उत्तम करता येते.

अण्णांनी कॅमेरा घेतला तो चोरांसाठी, असं त्यांनी जाहीर केलं होतं. त्यांच्या घरात चोराने न्यावं असं काय आहे, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी मला पानापक्कडीपासून सगळं दाखवलं असतं, आणि माझा रविवार गेला असता.

पहिले दोन महिने तो कॅमेरा दिवसातून तीनदा बंद पडे. अण्णांच्या मते धागा तुटायचा. वायफायला ते धागाच म्हणतात. "तार न्हाय म्हणून काय झालं, धागा हाय. दिसत न्हाय, एवढंच." मग राउटरपासून कॅमेऱ्यापर्यंत हवेत बोटं फिरवत ते सावकाश चालत यायचे. मागावर तुटलेला धागा असाच बोटांनी सापडतो म्हणे. एकदा ते बरोबर मधल्या जाड भिंतीपाशी थांबले आणि म्हणाले, हितं गुंता हाय. हे निदान शंभर टक्के खरं होतं. तेच शोधायला मी अर्धा तास मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते.

खरा घोटाळा पुढेच होता. राउटर आत नेमका कुठाय, म्हणून विचारलं तर अण्णांनी मागच्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडलं. आत, सोलापुरी चादरीत नीट गुंडाळलेला, राउटर. चादरीच्या घडीतून अँटेनाचे दोन कान बाहेर. मला हसू आवरेना. अण्णा गंभीर. मागाचा जीव कशानं जातो, तर कापसाच्या धुळीनं. ज्या माणसाने आयुष्यभर यंत्रांच्या पोटातून कापूस उपसला, तो नवं यंत्र उघड्यावर कसं ठेवील? मी तो बाहेर काढून टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवशी गेले तर परत कपाटात. अखेर आमची तडजोड झाली: कपाटाबाहेर, पण चादरीसकट.

शिवाय टॉवेल. अण्णा दारापुढच्या दोरीवर टॉवेल वाळत घालत, वारा सुटला की टॉवेल हलत आणि अण्णांचा मोबाइल 'माणूस दिसला, माणूस दिसला' म्हणून बोंबलत सुटे. कंपनीच्या मदत क्रमांकावरची मुलगी म्हणाली, बंद करून परत चालू करा. अण्णांनी तिला शांतपणे विचारलं, बाई, माग बंद करून चालू केला तर तुटलेला धागा आपोआप जुळतो का? तिने पुन्हा तेच सांगितलं. अण्णांनी तसं केलं आणि कॅमेरा चालू झाला. याचा त्यांना इतका राग आला की दोन दिवस ते कुणाशी नीट बोलले नाहीत.

मग अचानक सगळं थांबलं. अण्णांचं बोलावणं येईना. कॅमेऱ्याचा निळा दिवा दिवसभर शांत तेवत असायचा. अण्णा शिकले, असं मी म्हटलं. सुटल्यासारखं वाटलं आणि, खोटं कशाला बोलू, थोडं चुकल्यासारखंही.

त्यानंतर सहा महिन्यांनी, एका गुरुवारी, शोभाक्का माझ्याकडे आल्या. शोभाक्का म्हणजे अण्णांच्या धाकट्या भावाची, श्रीनिवासची, बायको. हे दोघं अण्णांच्या अगदी समोर राहतात. मध्ये गल्ली, ती दहा फुटांची. आणि या दहा फुटांत आठ वर्षं एक शब्द इकडून तिकडे गेलेला नाही. कारण गल्लीला पाठ आहे. वडिलांचा जुना माग, नंबर सात, शेडमध्ये पडून होता. अण्णा एका लग्नाला हैदराबादला गेले आणि श्रीनिवासने तो भंगारात घातला. अण्णा परत आले, रिकामी जागा बघितली, आणि समोरच्या दाराकडे बघायचं सोडलं ते सोडलंच. बाहेर पडताना मान खाली, परत येताना मान खाली.

शोभाक्कांचं म्हणणं सरळ होतं. भाऊजींचा कॅमेरा चोरांवर नाही, त्यांच्या दारावर रोखलेला आहे. "आमी काय खातो, कोण येतं जातं, सगळं बघतेत. बोलायचं न्हाय आनि बघायचं, हे कसलं वागणं?" रविवारपर्यंत कॅमेरा निघाला नाही तर त्या पोलीस चौकीत जाणार होत्या. अण्णांना सांगायचं काम माझं. अण्णांसारख्या माणसाला सत्तराव्या वर्षी चौकीत बसवलेलं माझ्या डोळ्यांपुढे आलं, आणि मी हो म्हणून बसले.

तशीच अण्णांकडे गेले, तर ते स्टुलावरच होते. कॅमेऱ्याचा दिवा लाल. सकाळपासून बंद. पण या वेळचे अण्णा वेगळे होते. गमतीचं एक वाक्य नाही. "टीचर, धागा लागना. कायबी करा, पन लावून द्या." मी त्यांना खाली उतरवलं, मोबाइल घेतला आणि शोधत बसले. राउटर ठीक होता, चादरीसकट. कॅमेरा ठीक होता. मग दिसलं की कॅमेरा त्यांच्या वायफायवर नव्हताच. तो समोरच्या घराच्या वायफायवर होता. श्रीनिवासच्या.

मी अण्णांकडे बघितलं. अण्णा लुंगीचा काठ सारखा करत बसले.

हळूहळू त्यांनी सांगितलं. मोबाइलच्या यादीत आपल्या धाग्यापेक्षा शेजारचा धागा दांडगा दिसला. नाव श्रीनूचं. पासवर्ड मागितला. आईचं नाव टाकून बघितलं, बालमणी. नाही लागला. मग नुसतं बघू म्हणून पुढे सात टाकला. लागला.

"भंगारात घातला त्यानं," अण्णा म्हणाले, "पन नंबर ठेवलाय की."

कॅमेरा समोर का लावला, हे मग मी विचारलंच. मागल्या पावसाळ्यात श्रीनिवास दारातच चक्कर येऊन पडला होता. अर्धा तास पडून होता, शोभाक्का बाजारात. अण्णा दहा फुटांवर, दार लावून जेवत होते. संध्याकाळी कळलं. म्हणून कॅमेरा. रोज सकाळी नऊला तो खुर्ची टाकून पेपर वाचतो, तेवढं दिसलं की अण्णांचा दिवस सुरू होतो. मी म्हटलं, अहो अण्णा, दारात उभं राहिलात तरी दिसेल की. अण्णांना माझ्या अकलेची कीव आली असावी.

"दारात हुभं राहून बघितलं तर बघितल्यासारखं होतंय, टीचर."

मी शाळेत जगाचा नकाशा शिकवते, पण दहा फुटांचं हे अंतर मला कधी मोजता आलं नसतं. खूप वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला, दोघांचाही. चौकीचं काही मी त्यांना सांगितलं नाही. उठले आणि गल्ली ओलांडून समोर गेले.

श्रीनिवास दारातच उन्हात खुर्चीवर बसला होता. अकरा वाजून गेलेले, सोलापूरचं ऊन, मानेवर घाम. हातात पेपर होता, तो उलटा होता. मी काही बोलायच्या आत त्याने आवाज खाली करून विचारलं, "टीचर, त्याचा दिवा लाल का झालाय? तब्येत बरी हाय न्हवं?"

मी म्हटलं, तब्येत ठीक आहे, तुमचा वायफायचा पासवर्ड बदललेला दिसतोय, म्हणून दिवा लाल आहे. त्याला हे माहीत नव्हतं. त्याने मान वळवून आत बघितलं. शोभाक्का उंबऱ्यात उभ्या होत्या. पासवर्ड त्यांनी त्याच दिवशी सकाळी भाच्याकडून बदलून घेतला होता. कुणीतरी आपलं वायफाय वापरतंय एवढंच त्यांना कळलं होतं.

"डॉक्टरनं उन्हात बसू नका म्हनलंय," शोभाक्का माझ्याशी बोलल्या, पण बघत होत्या नवऱ्याकडे. "रोज सांगते, पेपर आत वाचा. ऐकत न्हाईत."

"पेपर मी आतच वाचतो," श्रीनिवास म्हणाला. "हितं नुसता बसतो. धा मिनटं. त्याला दिसलं की उठतो. आज दिवा लाल. दिसलं का न्हाय कसं कळावं? म्हनून बसलोय."

शोभाक्कांनी पदराला हात पुसले, चपला घातल्या आणि गल्ली ओलांडून सरळ अण्णांच्या घरात शिरल्या. मी मागे धावले. आठ वर्षांनी भावजयीला दारात बघून अण्णा उभेच राहिले. त्यांना खुर्ची सरकवावी की पाणी आणावं कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही अर्धवट केलं. शोभाक्कांनी मोबाइल मागून घेतला, पासवर्ड टाकला, आणि बाहेरचा दिवा निळा झाला.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "तो कॅमेरा जरा डाव्या अंगाला वळवा. तितं सावली हाय. उद्यापासनं ते सावलीत बसतील."

अण्णा मान हलवून स्टुलावर चढले. शोभाक्कांनी स्टूल धरलं. अण्णांनी कॅमेरा बोटभर वळवला, मग अजून बोटभर. समोर श्रीनिवासने खुर्ची उचलून सावलीत नेली, बसला, आणि तोंड वर करून त्यांच्या घरच्या तेलुगूत मोठ्याने विचारलं. दिसतंय का?

अण्णांनी कॅमेऱ्याकडेच तोंड ठेवून भिंगावरची धूळ पुसली. मग म्हणाले, "टीचर, सांगा त्याला, दिसतंय म्हनून."

मी दहा फूट पलीकडे बघून सांगितलं, दिसतंय म्हणतात.

"ऐकलं मी," श्रीनिवास म्हणाला.