प्लास्टिकच्या आतली डिग्री

फिनलंडहून आलेला ईमेल सहदेव खरातांनी उभं राहून वाचला. इंग्रजी त्यांना बेताचंच कळे, पण "खरात" हे आपलं आडनाव तिकडे कुणीतरी साहेबाने बसून टाइप केलंय, एवढ्यानेच त्यांना खुर्चीत बसवेना. ओउलू नावाच्या गावातल्या एका पुनर्वसन केंद्राला फिजिओथेरपिस्ट हवी होती आणि सगळं जग सोडून त्यांनी चारकोप सेक्टर तीनमधली तेजल सहदेव खरात निवडली होती. आता फक्त तिकडचं वर्क परमिट काढायचं बाकी होतं.

"हे बघा पप्पा, अर्जात काय लिहिलंय. फॉरेन एम्प्लॉयी. म्हणजे मी," तेजल म्हणाली.

"म्हणजे तू परदेशी?"

"त्यांच्यासाठी परदेशीच ना."

सहदेवरावांनी लेकीकडे नव्याने पाहिलं. काल रात्री भाकरी करपवली म्हणून आईची बोलणी खाणारी पोर आज सकाळी परदेशी झाली होती. मग त्यांनी जरा दबकत विचारलं, "तिकडे पाणी किती वाजता येतं?"

"चोवीस तास असतं, पप्पा."

"मग सोडतं कोण?"

"कोणी सोडत नाही. नळ फिरवला की येतं."

सहदेवराव आता मात्र खाली बसले. महापालिकेच्या पाणी खात्यात त्यांनी एकतीस वर्षं चावीवाल्याची नोकरी केली होती. कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी मिळायचं, ते त्यांच्या खांद्यावरच्या लोखंडी चावीवर ठरे. ज्या देशात चावीवाला लागतच नाही, त्या देशाबद्दल त्यांच्या मनात अपार आदर निर्माण झाला, आणि थोडी काळजीही.

अर्जासोबत तेजलची डिग्री लागणार होती. नुसती नाही, तर डिग्रीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आधी मंत्रालयाचा आणि मग दिल्लीच्या परराष्ट्र खात्याचा शिक्का हवा होता, म्हणजे तिकडच्या लोकांना कागद खरा आहे हे कळणार. सगळे कागद एकवीस दिवसांत पोचले नाहीत, तर नोकरी यादीतल्या पुढच्या उमेदवाराला जाणार होती. शिक्क्यांनाच दोन आठवडे लागत. म्हणजे हातात आठवडा होता आणि डिग्री तर भिंतीवरच होती. सहदेवरावांनी ती खाली उतरवली, दोन्ही हातांत धरून रिक्षात बसले आणि लेकीबरोबर अंधेरीच्या एजन्सीत गेले.

तिथे काउंटरवर अनिरुद्ध नावाचा चष्मेवाला तरुण होता. त्याने डिग्री पालथी केली, मग सुलटी केली, आणि हळूच विचारलं, "काका, शिक्का कुठे मारायचा?"

"मागे. तुम्हीच सांगितलं ना."

"मागे प्लास्टिक आहे."

"पुढेही आहे," सहदेवराव अभिमानाने म्हणाले. "मी स्वतः लॅमिनेट केलीय. अडीचशे मायक्रॉन. बुडवून बघा पाण्यात."

अनिरुद्धने बुडवून बघितली नाही. त्याने डिग्री अदबीने परत केली आणि लॅमिनेट केलेल्या कागदाला कुठलंच सरकार शिक्का मारत नाही, असं सांगितलं. तेजल वडिलांकडे पाहत राहिली, आणि सहदेवरावांना ओरडा खाण्यापेक्षा ते पाहणं जड गेलं.

त्यांची बाजूही ऐकायला हवी. जन्मभर पाणी सोडणाऱ्या या माणसाला पाण्याचीच धास्ती होती. एका वर्षी घरात कमरेएवढं पाणी शिरलं आणि ट्रंकेतली त्यांची दहावीची मार्कशीट, गावाकडचा सात-बारा आणि शाळेचा दाखला यांचा एकजीव लगदा झाला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, सहदेवरावांनी तर घरात यंत्रच आणलं. निवृत्त झाल्यावर पहिली खरेदी लॅमिनेशन मशीनची. मग घरात जे जे कागदाचं होतं, ते ते प्लास्टिकमध्ये गेलं. रेशनकार्ड गेलं, मिक्सरचं गॅरंटी कार्ड गेलं, स्वतःच्या लग्नाची पत्रिका गेली. खरातांच्या सात पिढ्यांत पहिली डिग्री घरात आली, त्या दिवशी तर त्यांनी आंघोळ करून, नवा सदरा घालून मशीन सुरू केलं होतं.

"आईला सांगायचं नाही," घरी येताना तेजल म्हणाली. "ती मशीन आणू नका म्हणाली होती. तिला कळलं तर ती तुम्हालाही झोपू देणार नाही आणि मलाही."

तेजलची आई द्रौपदी चारकोपच्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये कामाला जाई. सकाळी आठला बाहेर पडायची ती संध्याकाळी सहाला परत. म्हणजे बापलेकीला रोज दहा तास मोकळे होते.

पहिल्या दिवशी सहदेवरावांनी विद्यापीठात फोन लावला. नवी प्रत मिळेल, पण मूळ डिग्री हरवल्याची पोलिसांतली नोंद लागेल, असं उत्तर आलं. तेजल ड्युटीवर गेली होती, तेव्हा ते एकटेच पोलीस चौकीत गेले. हवालदार नंदकिशोर यांनी रजिस्टर उघडलं.

"काय हरवलं?"

"डिग्री. मुलीची."

"कुठे हरवली?"

सहदेवरावांनी रस्ताभर उत्तर पाठ केलं होतं. पण समोर खाकी पाहिल्यावर ते पार विसरले. "साहेब, खोटं कसं बोलू. हरवली नाही. घरी भिंतीवर आहे."

"मग तक्रार कसली?"

"ती आत अडकलीय."

"कोणी अडकवली?"

"मी."

नंदकिशोरांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे फिर्यादी तुम्ही आणि आरोपीपण तुम्ही."

"तसंच म्हणायला लागेल."

सगळी हकिगत ऐकल्यावर हवालदारांनी रजिस्टर मिटलं आणि खुर्ची पुढे ओढली. "काका, माझ्या ट्रेनिंगची सर्टिफिकेटं बायकोने अशीच लॅमिनेट केलीत. प्रमोशनला ओरिजिनल मागतायत. तुमची निघाली तर मला सांगा हां."

मग प्रयोग सुरू झाले. एकदम डिग्रीला हात घालायचा नाही, आधी दुसऱ्या कागदांवर हात बसवायचा, असं ठरलं. शेजारच्या किरणने सांगितलं म्हणून मिक्सरचं गॅरंटी कार्ड रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलं. सकाळी ते मटारांच्या पिशवीला चिकटून निघालं आणि प्लास्टिक होतं तिथेच राहिलं. मोबाइलवरच्या एका व्हिडिओत इस्त्री फिरवायला सांगितली होती. लग्नाच्या पत्रिकेवर ती फिरवली, तेव्हा प्लास्टिक निघालं खरं, पण त्याच्यासोबत वधूचं नावही निघून आलं. सहदेवराव ते नाव बराच वेळ उन्हात धरून बघत बसले. नेलपॉलिश काढायच्या औषधाने बालवाडीच्या ग्रुपफोटोतली पहिली रांग पुसली. हातातल्या आठवड्याचे आता दोनच दिवस उरले होते.

शेवटी सहदेवरावांनी कपाटातून प्लास्टिकमधला आणखी एक कागद आणला. तेजलने पाहिलं तर ते त्यांचं नेमणूकपत्र होतं, १९९१ चं, जाड सरकारी कागद, खाली निळ्या शाईत अभियंत्याची सही.

"पप्पा, हे नको."

"डिग्रीचा कागद असाच जाड आहे. यावर जमलं तर त्यावर जमेल."

"पण हे तुमचं आहे."

"पाणी सोडायचं तेवढं सोडून झालं," सहदेवराव म्हणाले. "आता याला कोण विचारतंय."

त्यांनी ब्लेडने कड उकलली, श्वास रोखला आणि ओढलं. कागद मधोमध सोलला गेला. सही प्लास्टिककडे गेली आणि खाली नुसता पांढरा कापूस उरला. तेजलला रडू आलं, आणि फिनलंड गेलं खड्ड्यात, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

नेमकी त्या दिवशी कारखान्यात वीज गेली होती आणि द्रौपदी चार वाजताच घरी आली. तिने चपला काढल्या, केर टाकायला डबा उघडला आणि आत पाहिलं. मिक्सरचं कार्ड, बालवाडीची रांग, स्वतःची लग्नपत्रिका, सगळं सोललेलं. मग तिने बापलेकीकडे पाहिलं. दोघं भिंतीला टेकून शाळेतल्या पोरांसारखी उभी होती.

"काय चाललंय?"

तेजलने सगळं सांगितलं. शिक्का, एकवीस दिवस, पोलीस चौकी, फ्रीजर, काही लपवलं नाही. सहदेवराव आता वादळ येणार म्हणून डोळे मिटून उभे होते. वादळ आलं नाही.

"मला का नाय विचारलं?" द्रौपदी म्हणाली.

"तुला काय विचारायचं?" सहदेवराव म्हणाले, आणि बोलल्यावर त्यांना वाटलं, हे बोलायला नको होतं.

"चौदा वर्षं मी कारखान्यात काय करते?"

"पॅकिंग."

"पॅकिंग सपना करते. माझ्या बाजूला बसते ती. मी फिल्म काढते. नेमप्लेटांवरची प्लास्टिकची फिल्म. गरम प्रेसमधून पाटी येते, तिच्यावर फिल्म बसलेली असते, ती काढायची. खाली छपाई असते, तिला धक्का लावायचा नाही. दिवसाला चारशे पाट्या. आमच्या शेठच्या पोराने जर्मनीवरून मशीन आणलं होतं, त्याने पहिल्या दिवशी साठ पाट्या फाडल्या. मग परत मला बसवलं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा, आणि कळसा चौदा वर्षं रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडत होता.

"पंखा बंद करा," द्रौपदी म्हणाली. "तेजल, टोपात पाणी उकळ. मोठं स्टीलचं ताट आण. आणि तुम्ही ते ब्लेड ठेवा खाली."

उकळत्या टोपावर तिने ताट झाकलं, ताटावर कोरडं फडकं आणि फडक्यावर डिग्री ठेवली. मग ती थांबली. पाच मिनिटं नुसती थांबली. मधेच तळहात वरून फिरवायची आणि पुन्हा थांबायची. सहदेवरावांच्या ओठांवर प्रश्न आला, पण विचारायचा धीर झाला नाही. मग तिने डोळे किलकिले केले आणि अंगठ्याच्या नखाने एक कोपरा चाचपला. नख कुठे शिरलं ते दोघांनाही दिसलं नाही. पण प्लास्टिकचा कोपरा वर आला आणि कागद खालीच राहिला.

ती ओढत नव्हती. प्लास्टिक मागे दुमडून कागदाला अगदी चिकटून नेत होती, केसभर पुढे, मग थांबायचं, ऊब लागू द्यायची, मग पुन्हा केसभर. तेजलच्या नावाचं पहिलं अक्षर मोकळं झालं. शाई जागच्या जागी होती. किरण साखर मागायला दारात आली होती, ती वाटी हातात धरून तिथेच उभी राहिली. विद्यापीठाचा सोनेरी शिक्का आला, तेव्हा सहदेवरावांनी तेजलचा दंड धरला. द्रौपदीचा हात मात्र हलला नाही. अर्ध्या तासाने पुढचं प्लास्टिक अखंड निघालं, आणखी अर्ध्या तासाने मागचं. डिग्री पहिल्या दिवशी होती तशी कोरी करकरीत ताटावर पडली होती.

सहदेवरावांनी डिग्रीकडे पाहिलं नाही. ते बायकोच्या हातांकडे पाहत होते. सव्वीस वर्षांच्या संसारात त्यांनी हे हात भाकरी थापताना, धुणं पिळताना, पोरीची वेणी घालताना पाहिले होते. पण त्यांच्यात ही विद्या आहे, हे त्यांना कधी कळलंच नव्हतं. त्यांना आपली लाज वाटली, आणि लाजेपेक्षा मोठा अचंबा वाटला.

"आता तरी हात धुऊन चहा ठेवाल का?" द्रौपदी म्हणाली. त्यांनी ठेवला.

दुसऱ्या दिवशी अनिरुद्धने डिग्री उजेडात धरली, मागून बोट फिरवलं, पुन्हा उजेडात धरली. "कुठल्या लॅबमध्ये काढली?"

"घरी. आमच्या मंडळींनी," सहदेवराव म्हणाले. मंडळी हा शब्द त्यांनी आजवर इतक्या आदराने कधी उच्चारला नव्हता.

"काका, माझ्याकडे आठवड्याला दहाजण असे येतात. रडत परत जातात. मावशींचा नंबर देता?"

शिक्के झाले, कागद वेळेत पोचले आणि तेजल परमिटची वाट बघत बसली. दरम्यान खरातांच्या दाराशी चपला वाढू लागल्या. पहिले आले हवालदार नंदकिशोर, बायकोला घेऊन. मग मुलुंडची एक नर्स आली, तिला आयर्लंडला जायचं होतं. घाटकोपरचा वेल्डर कतारला निघाला होता, पार्ल्याच्या एका प्राध्यापकांना जपानने बोलावलं होतं. आईबापांनी मायेने प्लास्टिकमध्ये गाडलेल्या डिग्र्या छातीशी धरून माणसं यायची आणि द्रौपदीच्या ताटासमोर निमूट बसायची. प्राध्यापक तर जाताना तिच्या पाया पडले. कारखान्यातली नोकरी तिने सोडली नाही. कामाच्या दिवशी संध्याकाळी सहा ते आठ आणि रविवार अख्खा.

आणि सहदेवराव नंबर लावत. आलेल्याला पाणी देत, नाव लिहून घेत, टोपातलं पाणी उकळतं ठेवत. ताट जास्त तापलं की बोलणी खात. एकतीस वर्षांत खात्याने त्यांना एकदाही मेमो दिला नव्हता. द्रौपदीने पंधरा दिवसांत दोन दिले, तोंडी.

तिसऱ्या महिन्यात तेजलचं परमिट आलं. विमान रविवारी सकाळी नऊचं होतं. शनिवारी संध्याकाळी द्रौपदी कुणाच्या तरी मार्कशीटचा कोपरा मोकळा करत बसली होती, तेव्हा सहदेवराव म्हणाले, "उद्या पहाटे पाचलाच निघू आपण विमानतळावर."

"मी निघणारच. माझी लेक चाललीय," द्रौपदी नजर न उचलता म्हणाली. "तुमच्या सुट्टीचं कोण बघणार? उद्या नऊजणांना बोलावलंय. तुम्ही अर्ज दिलाय का?"

बॅग भरणाऱ्या तेजलला वाटलं, आई चेष्टा करतेय. पण सहदेवराव उठले. त्यांनी वहीचं पान फाडलं, समास सोडला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, "माननीय द्रौपदीबाई खरात यांस, अर्जदार आपल्याकडे कर्मचारी असून, अर्जदाराची एकुलती एक मुलगी परदेशी नोकरीस जात असल्याने तिला निरोप देण्याकामी एक दिवसाची रजा मिळावी, ही नम्र विनंती." खाली त्यांनी सही केली, तारीख घातली आणि अर्ज ताटाशेजारी ठेवला.

द्रौपदीने हातातलं काम पूर्ण केलं. हात पुसले, अर्ज उचलला आणि एकेक अक्षर लावत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. "मुलगी" या शब्दापाशी ती जरा थांबली, पदराने डोळे टिपले, मग नवऱ्याच्याच पेनने कोपऱ्यात सही केली.

"अर्धा दिवस," ती म्हणाली. "दुपारी दोनला ताट गरम पाहिजे."