धनुष्य सोपं झालं

कुठल्या हत्याराने किती मारावं हे ठरवायचं, एवढंच त्या माणसाचं काम होतं. इंटरनेटवर हजारो लोक एकमेकांना गोळ्या घालतात असा एक खेळ त्याची कंपनी चालवत असे. ऑफिसात सगळे त्याला तराजू म्हणत आणि त्याला ते आवडायचं. त्याचा नियम साधा होता: हत्यार चालवायला जितकं सोपं, तितका त्याचा मार कमी. या नियमावर दोन वर्षं खपून त्याने एक धनुष्य बनवलं होतं. वारा बघा, अंतर बघा, श्वास रोखा. पण बाण लागला की समोरचा खलास.

ते धनुष्य कुणी हातात धरत नव्हतं. समस्त जनता पिचकारी नावाच्या बंदुकीवर तुटून पडली होती. पिचकारीला नेम धरावा लागत नाही, बटण दाबून धरायचं आणि भिंत रंगवल्यासारखी फिरवायची. साहेबांचीही तीच लाडकी, कारण दुसरं काही त्यांना जमत नव्हतं. महिनाअखेरपर्यंत लोकांनी धनुष्य घेतलं नाही तर ते खेळातून काढून टाकायचं, असं त्यांनी बजावलं होतं.

म्हणून तराजूने पिचकारीचा मार कमी करायचं ठरवलं. खेळाडूंसाठी सूचनाही लिहिली. ऐन वेळी साहेबांनी नन्नाचा पाढा लावला, तेव्हा त्याने बदल मागे घेतला, पण सूचनेतली त्याबद्दलची ओळ काढायची राहून गेली आणि ती सगळीकडे पोचली.

दुसऱ्या दिवशी निम्मे खेळाडू न्याय मिळाला म्हणून नाचत होते आणि उरलेले पिचकारीचं सुतक पाळत होते. आजवर एकदाही तक्रारीवाचून न हरलेली ही मंडळी आता गोळी कशी बोथट झाली यावर पानंच्या पानं लिहू लागली. दुपारी साहेब लालबुंद होऊन आले. काहीही बदललेलं नाही, तुम्हीच अडवलंत, असं तराजूने परोपरीने सांगितलं.

"मला शिकवू नका," साहेब म्हणाले. "माझ्या हाताला कळतंय. गोळी लागते, पण बसत नाही. होती तशी करा."

जे काढलंच नाही ते परत काय घालणार? तराजूने नुसतं 'पिचकारी पूर्ववत' असं जाहीर केलं. संध्याकाळी साहेब लागोपाठ जिंकले आणि त्याची पाठ थोपटून गेले.

बदललीय ती बंदूक की नुसती बातमी, एवढंही ज्यांना कळत नाही, त्यांच्यासाठी आपण दोन वर्षं डोळे फोडले याचा त्याला संताप आला. त्या तिरीमिरीत, धनुष्याला बोटही न लावता, त्याने लिहून टाकलं: धनुष्य आता वापरायला फार सोपं केलं आहे.

झुंबड उडाली. आधी ज्यांचे बाण चुकायचे त्यांचे अजूनही चुकतच होते, पण आता आनंदाने. चिकाटीने खेळून काही जण खरोखर शिकले आणि त्याचं श्रेय त्यांनी नव्या धनुष्याला दिलं. धनुष्य वाचलं. तराजूने घरी मोठ्या फुशारकीने सगळं सांगितलं.

"म्हणजे तुला पगार थापा मारायचा मिळतो," बायको म्हणाली.

आठवडाभरात साहेबांनी बोलावलं. ते फार खुशीत होते.

"धनुष्य एवढं सोपं झालंय आणि मार तोच? तुमचा नियम काय सांगतो?"

खरं सांगावं तर साऱ्या खेळाडूंना आणि साहेबांनाही फसवल्याची कबुली, म्हणजे नोकरीवर पाणी. गप्प बसावं तर धनुष्याचा बळी. तो गप्प बसला.

"मार चौथाई करा. आत्ता, माझ्यासमोर. आणि सूचनाबिचना काढू नका, लोक उगाच बिथरतात."

धंद्याची अक्कल साहेबांना होती, हे कबूल करायला हवं. तराजूने आपल्या हाताने आकडा चौथाईवर आणला. त्याला अगदी रडू येत होतं.

आता ते धनुष्य पहिल्याइतकंच अवघड होतं आणि वर झाडूइतकं निरुपद्रवी. निदान आतातरी बोंबाबोंब होईल, म्हणून तो वाट बघत बसला. झालं उलटंच. इतकं न्याय्य हत्यार या खेळात कधी आलंच नव्हतं, असं सगळीकडे छापून येऊ लागलं.

शेवटी न राहवून तो स्वतः धनुष्य घेऊन खेळात उतरला. समोर एक पिचकारीवाला होता. वारा पाहिला, अंतर पाहिलं, श्वास रोखला. बाण थेट छातीत. गडी हलला नाही. दुसरा कपाळात. गडी सावकाश वळला, त्याने पिचकारी फिरवली आणि तराजू आडवा झाला. त्याचा संयम सुटला. या धनुष्याचा मार चौथाई झालाय, असं त्याने सगळ्यांना दिसेल असं लिहिलं.

लगेच उत्तर आलं.

"काका, नाचता येईना अंगण वाकडं. आधी नेम धरायला शिका."