समोरचं नवीन बांधकाम

जर्मनीतल्या हार्ट्स डोंगराआडच्या त्या गावात लाकडी चौकटींची दोनशे घरं होती आणि त्यांतलं सगळ्यांत जुनं घर आपलं, याबद्दल लोरेन्झला कणभरही शंका नव्हती. दारावरच्या तुळईवर १४८७ कोरलेलं होतं की! आपल्या बेकरीतून निवृत्त झाल्यापासून दर रविवारी तो हॅट घालून पायरीवर उभा राही. वाट चुकून आलेल्या पाहुण्यांना आकडा दाखवी. कुणी समोरच्या ओटिलीच्या घराबद्दल विचारलंच, तर मान न वळवता म्हणे, "ते होय? ते नवीन बांधकाम आहे."

ओटिलीच्या दारावर आकडा नव्हता, नुसती कोरी फळी होती. तीस वर्षं ती हे खिडकीतून ऐकत होती.

यंदा नगरपालिका गावाची माहितीपुस्तिका काढणार होती. मुखपृष्ठावर गावातलं सर्वांत जुनं घर! लोरेन्झने फोटोसाठी खिडक्यांत जिरेनियम लावले आणि घराचं वय ठरवायला लाकूडतज्ज्ञ बाईंनाही स्वतःच बोलावलं. बाईंनी पेन्सिलीएवढी भोकं पाडून नमुने काढले. त्यांतली वलयं मोजली की झाड कधी तोडलं ते कळतं. लोरेन्झला दया आली. "समोरही एक भोक पाडा," तो म्हणाला. "म्हातारीची एकदाची खात्री होऊ दे."

अहवाल आला त्या दिवशी त्याने आलुबुखाराचा केक भाजला, ओटिलीला मुद्दाम बोलावलं आणि वाचनाचा मान महापौरांना दिला.

"लोरेन्झ यांचं घर," महापौरांनी वाचलं, "सन १७९४."

लोरेन्झची सुरी केकमध्येच राहिली. "आणि तुळई? तुळईचं वाचा ना!"

तुळई १४८७चीच होती. लोरेन्झचा जीव भांड्यात पडला. पण महापौर थांबले नाहीत. ज्या ओकच्या झाडाची ही तुळई, त्याच झाडाचे खांब समोरच्या घरात निघाले होते. म्हणजे तुळई मुळात ओटिलीच्या दारावरची! लोरेन्झच्या कुणा पणजोबा-खापरपणजोबाने ती उचलून आपल्या दारावर बसवली होती. लोरेन्झने केकमधली सुरी काढून बाजूला ठेवली. तुळई परत करतो, असं काहीसं तो पुटपुटला.

ओटिलीने केकचा दुसरा तुकडा घेतला. "राहू दे रे. काढायला गेलास तर घर अंगावर येईल तुझ्या. पण माझे गुडघे धरलेत. रविवारी पाहुण्यांना माहिती सांगायला मला माणूस लागेल."

पुढच्या रविवारी लोरेन्झ हॅट घालून ओटिलीच्या पायरीवर उभा होता. एका पाहुण्याने समोरच्या जिरेनियमवाल्या घराकडे बोट दाखवलं. लोरेन्झने हॅट सारखी केली. मान न वळवता तो म्हणाला, "ते होय? ते नवीन बांधकाम आहे."

"जरा मोठ्यानं रे," खिडकीतून ओटिली म्हणाली. "तीस वर्षं छान ऐकू येत होतं."