चोवीस जणांचं क्लोराइड

सव्वीस वर्षांत माझ्या हातून एक बाटली इकडची तिकडे झाली नाही, हे मी छातीठोकपणे सांगायचो. परवापर्यंत!

मी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. म्हणजे मॅडम शिकवतात, पोरं काचा फोडतात आणि मी उभा असतो. सव्वीस वर्षं उभा आहे! माझे गुडघे असे वाजतात, की मी दारात पोचायच्या आधी पोरांना कळतं, काका आले. प्रयोगशाळेत माझ्या वाट्याला खुर्ची नाही. ग्रंथालयात मात्र एक रिकामी झालीय, गादीची, पाठ टेकायला उंच! प्राचार्य म्हणाले होते, "ही प्रात्यक्षिक परीक्षा विनातक्रार पार पडू दे, सोमवारपासून ती तुमची." त्या दिवसापासून मी झोपेतसुद्धा त्या खुर्चीत बसायला लागलो.

परीक्षेचं काम तसं साधं. प्रत्येकाला पुडीतून एकेक क्षार द्यायचा आणि त्याने तो ओळखायचा. पूड पाण्यात विरघळवून त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले आणि पांढराशुभ्र साका आला, की ते क्लोराइड. आपल्या मिठात असतं तेच. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मात्र आदल्या दिवशीच हुकूम सोडला होता, "क्लोराइड फार सोपं. एकाही पुडीत नको!" मी एकाही पुडीत घातलं नाही.

आता माझा घसा. आठवडाभर दुखत होता, सर्दीने जिभेची चव पार गेलेली. बायको म्हणाली, "अहो, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा, दिवसातून चारदा." आता चारदा कोण पाणी कालवत बसणार? मी शक्कल लढवली. कोठीतल्या पाच लिटरच्या एका रिकाम्या कॅनमध्ये पाणी भरलं आणि ओंजळभर मीठ टाकून ठेवलं. शेजारी तसलाच दुसरा कॅन होता, परीक्षेच्या शुद्ध पाण्याचा. चिठ्ठी लावायची सोय होती, पण मला कशाला हवी चिठ्ठी? सव्वीस वर्षं!

सकाळी पोरांच्या बाटल्या भरल्या, दोन गुळण्या केल्या आणि परीक्षा सुरू झाली. तासाभरात पहिला पोरगा उठला. "सर, क्लोराइड!" मग दुसरा. मग तिसरी. मग अख्खी रांग.

परीक्षकांच्या भुवया टकलाला जाऊन भिडल्या. "चोवीसच्या चोवीस क्लोराइड? अरे, नक्कल करायची तर निदान बरोबर उत्तराची तरी करा!"

"सर, आम्ही नक्कल नाही केली!"

"मग काय एकदम साक्षात्कार झाला? सगळ्यांना शून्य!"

मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं. प्राचार्य धावत आले आणि कोणाला रागवावं ते न कळून माझ्यावर ओरडले. मी कोठीत जाऊन आणखी एक गुळणी केली. घशाला ढिम्म फरक नाही! म्हटलं, बायकोच्या उपायांचं हे असंच.

बाहेर आलो तर एक चष्मेवाली पोरगी मुसमुसत होती. "काका, मी तीनदा केलं. तीनदा पांढरंच आलं. तुम्हीच म्हणता ना, शेजारच्याच्या वहीवर नको, आपल्या नळीवर विश्वास ठेव?" मग डोळे पुसून ती परीक्षकांना म्हणाली, "सर, पूड न घालता नुसतं पाणी तपासू का?"

तिने नळीत नुसतं पाणी घेतलं. दोन थेंब टाकले. पांढरं फटक!

मला कोठीतले ते दोन कॅन आठवले. मी हळूच कोठीत सटकलो, माझ्या गुळणीच्या कॅनमधलं थोडं पाणी नळीत घेतलं आणि तेच दोन थेंब टाकले. नितळ! काचेसारखं नितळ! म्हणजे मी सकाळपासून परीक्षेच्या शुद्ध पाण्याने गुळण्या करत होतो आणि चोवीस पोरं माझ्या गुळणीत क्षार विरघळवत होती.

बाहेर मॅडम घाईघाईने म्हणत होत्या, "पाणी पुरवणाऱ्याने फसवलं असणार, सर!"

"शक्य आहे," परीक्षक म्हणाले. "मग परीक्षा रद्द. महिन्याभराने दुसऱ्या केंद्रावर."

मी वाचलो होतो! नुसतं तोंड मिटून उभं राहायचं, तेवढं तर मला येतंच. सोमवार, गादी, उंच पाठ, सगळं डोळ्यांसमोर आलं. पण ती पोरगी माझ्याकडेच बघत होती. बाकीची पोरं तर बाकांवर डोकं टेकूनच बसलेली. फार जिवावर आलं हो, खरंच.

"पुरवणाऱ्याचा दोष नाही," बसलेल्या घशाने मी कसंबसं म्हणालो. "गुळणी माझी आहे."

परीक्षक, मॅडम, प्राचार्य, तिघांना तीनदा सांगावं लागलं. आवाजच फुटत नव्हता. मग शुद्ध पाण्याचा कॅन मी स्वतः खांद्यावरून आणला आणि दुपारी पुन्हा परीक्षा झाली. चोवीस पोरांनी निरनिराळी उत्तरं लिहिली, बावीस बरोबर निघाली. चष्मेवालीने पैकीच्या पैकी मिळवले आणि जाताना मला घशासाठी चघळायच्या दोन गोळ्या दिल्या.

संध्याकाळी प्राचार्यांनी बोलावलं. मी राजीनाम्याच्या तयारीने गेलो. ते चक्क हसत होते.

"परीक्षकांची तक्रार नाही! उलट अहवालात खास तुमच्याबद्दल लिहून गेलेत. ऐका. 'सहायक अत्यंत प्रामाणिक आहेत. अशा माणसाला प्रयोगशाळेतून कदापि हलवू नये.'"

"म्हणजे ग्रंथालय..."

"छे छे! आता कसलं ग्रंथालय? अभिनंदन!"

प्रामाणिकपणाचं फळ मिळतं म्हणतात, ते खोटं नाही. मला मिळालंय. उभ्यानेच खातोय.