हौदातला कप्तान

रविवारी भर दुपारी माल्कम टॅटरसॉलने ठरवलं, की ‘तीन हंस’ पबपाशी जेवायला थांबायचं नाही. आणखी थोडं पुढे जाऊ, मग काय ते जेवू. निर्णय एवढाच. भाड्याच्या का होईना, बोटीचा कप्तान म्हणून तेवढा अधिकार आपल्याला आहे, असं त्याला वाटलं (कप्तानाची टोपी मात्र त्याची स्वतःची होती).

स्टॅफर्डशरच्या कालव्यावरून ही बोट बरेच दिवस चालली होती. चालली म्हणजे, काठावरून कुत्री फिरवणारे म्हातारे तिला मागे टाकून, हात हलवून पुढे जात. पाऊस धड पडत नव्हता नि थांबतही नव्हता. बायको ग्लेनिस, मेहुणा डेरेक आणि ऐंशी ओलांडलेल्या सासूबाई एडना, असे तीन खलाशी. सगळेच कंटाळले होते. सगळ्यांत जास्त माल्कम, पण त्याला ते दाखवायची सोय नव्हती. आता पार्किंग खात्यातून निवृत्त झालोच आहोत, तर घर विकून अशीच बोट घ्यावी आणि दोघांनी तिच्यावरच राहावं, हे त्याचं स्वप्न होतं. ग्लेनिसला याचा पत्ता नव्हता. आधी तिला बोटीची गोडी लागू द्यावी, मग हळूच विचारावं, असा त्याचा बेत.

“थांबायचं नाही?” डेरेक ओरडला. “रविवारचं रोस्ट मटण सोडून? बंड होईल हं!”

“बंडखोरांना पाण्यात फेकीन!”

“बंडात मी सगळ्यांत पुढे,” सासूबाई आतून म्हणाल्या.

माल्कम गालात हसला. इंग्रज माणूस बंड बंड करायला लागला, की समजावं सगळं आलबेल आहे. चहाला उशीर झाला, बंड. मॅच चालू असताना कुणी टीव्ही बंद केला, बंड. कालच बिस्किटं संपली, तेव्हा या बोटीवर किती बंडं झाली त्याला गणती नाही. गर्जेल तो पडेल काय!

तेवढ्यात ग्लेनिस शांतपणे म्हणाली, “असू दे. तुला योग्य वाटेल तसं कर, माल्कम.”

“बघा! हिला कळतं,” माल्कम म्हणाला. (इतकी वर्षं संसार केलेल्या माणसाने हे वाक्य ऐकताक्षणी बोट बांधून, पळत जाऊन पबातलं टेबल अडवायला हवं होतं. पण डोक्यावर टोपी होती ना.)

पबच्या अंगणाला लागूनच लॉक होतं. म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला खोल, अरुंद हौद. बोट आत घ्यायची, खलाशांनी काठावर उतरून लोखंडी हँडलने झडपा उघडायच्या, की पाणी उतरतं आणि बोटही खाली जाते. कप्तान बोटीवरच राहतो. तिघेही उतरले. एरवी बोटीवरून पाय न काढणाऱ्या सासूबाईसुद्धा उतरल्या, याचं माल्कमला कौतुकच वाटलं. बोट खाली खाली गेली. अर्ध्यावर झडपा खडखडल्या आणि पाणी थांबलं.

“डेरेक? हँडल अडकलं का रे?”

उत्तर आलं नाही. रोस्टचा वास मात्र आला.

हौदाच्या भिंतीला शिडी होती, पण शेवाळलेली. पार्किंग खात्यात असल्या शिड्या चढायचा सराव होत नाही. मग कुत्रं फिरवणारा एक गृहस्थ वरून डोकावला. “सगळं ठीक ना?”

“नाही हो! बंड झालंय! खलाशी मला टाकून गेलेत!”

“वा! आमच्याकडे रोजच होतं,” असं म्हणून तो हसत निघून गेला. पाठोपाठ एक बाई आल्या. “बंड? अरेरे, बिचारा. टोपी छान आहे हं.” मागच्या बोटीचा माणूस रांगेत ताटकळत होता. माल्कमला वाटलं, हा तरी मदत करील. तो म्हणाला, “बंड का? चहा ठेवा, शमेल,” आणि स्वतःचीच किटली ठेवायला आत गेला.

माल्कम सुकाणूपाशी बसून राहिला. पोटात भूक, मानेवर पाऊस. ग्लेनिसला बोट आवडली नसावी, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं, आणि फार वाईट वाटलं.

बऱ्याच वेळाने काठावर तीन तृप्त चेहरे उगवले.

“माझ्यासाठी काही आणलंत?”

“स्वयंपाकघर बंद झालं ना रे,” सासूबाई हनुवटी पुसत म्हणाल्या.

“ग्लेनिस, खरं सांग. हे बंड होतं ना?”

“बंड? काहीतरीच तुझं! बंड काल झालं होतं, बिस्किटं संपली तेव्हा. आज आम्ही नुसते जेवायला गेलो होतो.”

पाणी उतरलं, दारं उघडली, बोट बाहेर आली. तिघेही पुन्हा बोटीवर चढले. माल्कमने धीर करून विचारूनच टाकलं. “मी काय म्हणत होतो… घर विकून अशी एक बोट घेऊ या का? तू नि मी.”

ग्लेनिस गोड हसली. “तुला योग्य वाटेल तसं कर, माल्कम.”

माल्कमने मागे वळून त्या हौदाकडे एकदा पाहिलं. मग टोपी काढून सासूबाईंच्या हातात दिली आणि म्हणाला, “नको. घर बरं आहे आपलं.”

सासूबाईंनी टोपी डोक्यावर चढवली. “मग आता बिस्किटं आण जा. नाहीतर बंड होईल!”

ते ऐकून माल्कमला इतकं हायसं वाटलं, की तो उपाशीपोटी, पावसात, बिस्किटं आणायला उतरला.